जरा आधीचं हसू

क्लेमला त्याच्या पहिल्या बायकोच्या, डोरीनच्या कबरीत उतरवलं, तेव्हा एव्हरिल चिखल लागू नये म्हणून अंथरलेल्या हिरव्या चटईवर उभी होती. खड्डा तिच्या अंदाजापेक्षा बराच कमी खोल निघाला. कमीच असणार म्हणा. खाली आधीचं माणूस होतं.

हे तिनंच कबूल केलेलं होतं. इस्पितळातून क्लेमचा चष्मा आणि चपला घेऊन ती घरी आली, त्याच संध्याकाळी क्लेमच्या मुलीनं, लिंडसेनं विषय काढला होता. जागा दोघांसाठी घेतलेली आहे, दगडावर आईच्या नावाखाली मोकळी जागा तेव्हापासून ठेवलेली आहे, वगैरे. एव्हरिल लगेच म्हणाली, "बरोबर आहे. तिथंच." इतक्या पटकन म्हणाली की भांडायची तयारी करून आलेली लिंडसे नुसतीच बघत राहिली. चाळीस वर्षांच्या वर संसार केलेल्या बाईनं नवऱ्याची कबर अशी एका वाक्यात सोडून द्यावी, हे तिला पटलं नसावं. पण एव्हरिलनं मनाशी एक हिशेब धरला होता. कबर डोरीनला जाऊ दे. दिवस माझा. चॅपलमधली प्रार्थना, नंतरचा चहा, हॅम, सँडविचेस, येणाऱ्याजाणाऱ्यांचे हात हातात घेणं, हे सगळं माझं. आणि त्या दिवसात ते हसू नको. एवढं एकच तिनं मागितलं होतं, तेही क्लेमच्या मुलाकडे, निगेलकडे, फोनवर. निगेल म्हणाला होता, "बरं, एव्हरिल. टीव्हीतलं काही नाही. शब्द देतो."

क्लेमची मुलं तिला पहिल्यापासून नावानंच हाक मारायची. आई म्हणा असं तिनंही कधी सुचवलं नाही.

उतारावरून खाली येताना खालच्या गल्लीतले मिस्टर सग्डन तिच्या बाजूनं चालू लागले. त्यांनी टोपी काढून छातीशी धरली होती आणि टॉडमॉर्डनचा तो बारीक, कधी न थांबणारा पाऊस त्यांच्या टकलावर पडत होता.

"रंग कोणता, मिसेस ऑर्मरॉड?" ते म्हणाले आणि त्यांना रडूच फुटलं.

हे तिला अपेक्षित होतं. या खोऱ्यात कुणाची छत्री हरवली, किल्ली हरवली, बायको सोडून गेली, तरी शेजारी आधी विचारणार, 'रंग कोणता?' क्लेमनं लिहिलेल्या 'हरवलेल्या वस्तू' या टीव्ही मालिकेतले मिस्टर टॅटरसॉल बस डेपोच्या काउंटरमागून येईल त्याला तेच विचारायचे. मालिका बंद पडून जमाना झाला, ते काम करणारा नटही गेला, पण प्रश्न काही गेला नाही.

"तुमच्या घरी काय मजा असेल हो," मिस्टर सग्डन डोळे पुसत म्हणाले. "जेवताना घास घशाखाली उतरत नसेल, हसून हसून."

"हो तर," एव्हरिल म्हणाली. हे उत्तर तिचं पाठ होतं. क्लेम जेवताना ताटाकडे बघून जेवायचा आणि मीठ हवं असलं तरी मागायचा नाही, हे आता कुणाला सांगायचं?

चॅपलच्या मागच्या हॉलमध्ये ती शिरली आणि तिला पहिली गोष्ट दिसली ती पांढरा पडदा. लहान मुलांच्या रविवारच्या शाळेच्या चित्रांवरच तो टांगला होता. समोर एका उंच स्टुलावर निगेल कसलंसं यंत्र बसवत होता आणि वायर पायात येऊ नये म्हणून चिकटपट्टी लावत होता. तिला बघितल्यावर त्याचे कान लाल झाले. पन्नाशीला आला तरी कान त्याला दगा द्यायचेच.

"निगेल, हे काय?"

"काही नाही. म्हणजे... लिंडसेला विचार."

एव्हरिलनं विचारलं नाही. ती सरळ स्वयंपाकघरात गेली, खुंटीवरचा एप्रन काढला आणि काळ्या कपड्यांवर बांधला. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये भिंतीत एक खिडकी होती, तिच्यातून चहाचे कप पलीकडे सरकवायचे. चहाचा बंब उकळत होता. चॅपलच्या बायका तिला बघून गप्प झाल्या आणि एकेक करून सँडविचच्या थाळ्या घेऊन बाहेर सटकल्या.

विनी तेवढी हलली नाही. क्लेमची ही थोरली बहीण चौऱ्याऐंशीची, काठी टेकत आलेली, आणि एव्हरिल या घरात आल्यापासून ती तिच्याशी एक धड शब्द बोलली नव्हती. ती बंबाशेजारी खुर्ची टाकून बसली होती, कारण हॉलमध्ये थंडी वाजते म्हणे.

"नवऱ्याला पुरून आलीस आणि लगेच कपबशा धुवायला लागलीस?" विनी म्हणाली. "लोक काय म्हणतील? आम्ही तुला मोलकरीण म्हणून ठेवलीय असं म्हणतील."

"हातांना काहीतरी हवं, विनीताई."

"मग विणकाम आणायचंस. बाहेर जा, खुर्चीवर बैस, लोकांना तुझी कीव करू दे. त्यासाठी आलेत बिचारे. आणि हॅमसाठी."

तेवढ्यात लिंडसे आत आली. तिच्यामागून निगेल आला, त्यानं खिडकीची झडप ओढली आणि दार लावून दाराला पाठ टेकून उभा राहिला. म्हणजे भांडण होणार होतं आणि ते हॉलमध्ये ऐकू जायला नको होतं.

"मी तुला विचारणार होते," लिंडसे म्हणाली. "पण तू नाही म्हणाली असतीस."

"मग विचारलं नाहीस."

"एकच प्रसंग आहे. तीन-चार मिनिटांचा. टोपीचा."

टोपीचा. इतक्या भागांमधून तिनं नेमका तोच काढावा.

"निगेलनं मला शब्द दिला होता," ती म्हणाली.

"दिला होता," निगेल म्हणाला. "लिंडसे, मी तुला गाडीतही सांगितलं. माझंही मन नाही. दिवसभर मी कसाबसा उभा आहे, त्यात ते नको. लोकांना प्रार्थना झाली, चहा झाला, बास झालं."

"लोकांसाठी नाही लावत मी."

"मग कुणासाठी?"

सगळ्यांनाच ते ठाऊक होतं.

क्लेमची लिहायची रीतच तशी होती. दिवसभर लिहायचं आणि संध्याकाळी डोरीन इस्त्री करत असेल तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन तिला वाचून दाखवायचं. इस्त्री हवेत थांबली तर प्रसंग राहायचा, चालूच राहिली तर तो कागद चुलीत. आठवडाभर हे चालायचं, त्यामुळे शुक्रवारी स्टुडिओत प्रेक्षकांसमोर भाग रेकॉर्ड व्हायचा तेव्हा डोरीनला सगळं तोंडपाठ. तिसऱ्या रांगेत बसायची आणि तिला धीर निघायचा नाही. विनोद अजून दाराबाहेर असायचा आणि डोरीन दार उघडून मोकळी. भरड, मोठ्ठं, शेवटी दोनदा उचकी लागल्यासारखं हसू. तिच्यामागून अख्खा स्टुडिओ हसायचा, कशाला हसतोय हे कळायच्या आधी. दिग्दर्शकानं तिला मागच्या रांगेत बसवून पाहिलं, कुणी तिच्या हातात रुमाल दिला, काही उपयोग नाही. नट मंडळी मग तेवढं थांबायला शिकली. आणि क्लेम तिच्या हसण्यापुरती जागा सोडून लिहायला शिकला.

डोरीन गेली तेव्हा लिंडसे बारा वर्षांची होती, निगेल पाच. घरात तिचा आवाज असलेली एकही फीत नव्हती. त्या काळी कोण बायकोचा आवाज भरून ठेवतो? होतं ते एवढंच. एकोणतीस भागांच्या मागे, अनोळखी माणसांच्या गर्दीत, सगळ्यांच्या जरा आधी येणारं हसू.

"एव्हरिल," लिंडसे म्हणाली, आणि आता तिचा आवाज खाली आला होता, "आज मी त्या दोघांना एका जागी ठेवून आले. मला एकदा दोघांना एकत्र ऐकायचंय. बाबांचे शब्द आणि तिचं हसू. एवढंच आहे माझ्याकडे."

"घरी जाऊन ऐक," विनी खुर्चीतून म्हणाली.

सगळे वळले. विनी एव्हरिलची बाजू घेईल असं या खोलीतल्या कपबशांनासुद्धा वाटलं नसतं.

"आत्या, तुला काय झालं?"

"मला काही झालेलं नाही. मला डोरीन आवडायची. लाख बाई होती. पण त्या हसण्यानं माझ्या भावाचं वाटोळं केलं. स्पष्टच बोलते. माणूस रात्र रात्र बसून एक वाक्य घडवतो आणि ही बया त्याच्या आधीच खिदळून मोकळी. मी त्याला सांगितलं होतं, तिला घरी बसव. तर म्हणतो कसा, विनी, तुला नाही कळायचं. आणि ती गेल्यावर? एक भाग धड जमला नाही त्याला. पेपरवाले म्हणाले, लेखणी बोथट झाली. लेखणी कसली बोथट! सवय झाली होती. पांगळा करून गेली त्याला." विनीनं काठी आपटली. "आज तरी त्याला सुखानं जाऊ दे. एव्हरिल नको म्हणते ना? मग नको. विधवा ती आहे."

एव्हरिलला वाटलं होतं, कुणीतरी एकदा आपल्या बाजूनं असं उभं राहिलं तर किती बरं वाटेल. वाटलं नाही. विनी तिच्या बाजूनं नव्हतीच, डोरीनच्या विरुद्ध होती. या घरात तिच्या वाट्याला प्रेम आलं तेसुद्धा असं, दुसरीवरच्या रागातून उरलेलं.

"झालं," निगेल म्हणाला. "आत्यापण नको म्हणते. मी पडदा काढतो."

"थांब." लिंडसे त्याच्याकडे वळली. "तुला आईचा आवाज आठवतो?"

"लिंडसे, आता हे नको."

"आठवतो का?"

निगेल जमिनीकडे बघत राहिला. त्याचे कान पुन्हा लाल झाले.

"नाही," तो म्हणाला. "मला वाटतं आठवतो, पण तो तुझा आवाज असतो. तू मला झोपवायचीस त्याचा."

"मग हसणं तरी आठवतं?"

"कसं आठवणार? घरात कार्यक्रम लागला की..." तो थांबला, पण फार उशिरा थांबला.

"बोल ना," लिंडसे म्हणाली. "घरात कार्यक्रम लागला की ही उठून आवाज कमी करायची. प्रत्येक वेळी. रविवारी दुपारी जुने भाग दाखवायचे, आम्ही दोघं गालिच्यावर बसायचो, ते हसू यायच्या वेळेला मी निगेलचा हात धरायचे, आणि ही बाई उठून यायची आणि बटण फिरवायची. एव्हरिल, तुला ठाऊक आहे मी तुझा किती राग राग केला? मला वाटायचं, आमची आई मेली ते हिला पुरेसं नाही, हिला ती आणखी मारायचीय."

बंबाची वाफ झडपेच्या फटीतून हॉलमध्ये जात होती. पलीकडे कुणीतरी टॅटरसॉलची नक्कल करत होतं आणि हळू हसत होतं, मयताच्या घरी हसतात तसं.

एव्हरिलनं हात एप्रनला पुसले. आपण त्यांचं असं काही काढून घेत होतो, हे तिच्या खरोखर ध्यानात आलं नव्हतं. तिला मुलं दिसायची ती पाठमोरी. तिचं सगळं लक्ष खुर्चीतल्या माणसाकडे असायचं.

"तो उठून जायचा," ती म्हणाली.

"कोण?"

"तुमचा बाबा. तो भाग लागला की खुर्चीत पुढे सरकून बसायचा. ते हसू येईपर्यंत थांबायचा. आलं की उठायचा आणि मागच्या शेडमध्ये जाऊन आतून कडी घालायचा. संध्याकाळपर्यंत. एकदा मी जेवण घेऊन गेले तर दार उघडलं नाही. मला वाटलं, आवाज कमी केला तर बसून राहील. तुमच्याजवळ." तिनं एक कप उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. "बसून राहायचा खरा. पण मग तुम्हाला ऐकू येत नव्हतं. ते माझ्या लक्षात आलं नाही."

लिंडसेचं तोंड उघडं राहिलं होतं. इतकी वर्षं जपलेला राग असा हातातून निसटला की माणसाला आधी आनंद होत नाही, उघडं पडल्यासारखं होतं.

"कधी सांगितलं नाहीस," ती म्हणाली.

"कुणी विचारलं नाही."

दारावर टकटक झाली. चॅपलची एक बाई विचारत होती, केक कापायचा का, की आधी चित्र दाखवणार आहेत, लोक खुर्च्या फिरवून बसलेत.

निगेल कुणाकडेच न बघता म्हणाला, "मला ऐकायचंय." मग एव्हरिलकडे बघून म्हणाला, "शब्द मोडतोय, माहीत आहे. पण मला ऐकायचंय."

"घ्या," विनी म्हणाली. "हा बघा, वाऱ्याबरोबर फिरला."

सगळे आता एव्हरिलकडे बघत होते. तिला वाटलं, सकाळी खड्डा कमी खोल होता तेव्हाच कळायला हवं होतं. हा दिवस तिचा नव्हताच. पण समोर उभा असलेला, कान लाल झालेला माणूस तिला आठ वर्षांचा दिसत होता, गालिच्यावर पाठमोरा.

"लाव," ती म्हणाली. "आवाज मोठा ठेव. मी इथंच आहे, चहाचं बघते."

दिवे मालवले. एव्हरिल झडप उघडून खिडकीच्या या बाजूला उभी राहिली. हे तिला नवीन नव्हतं. स्टुडिओतही ती अशीच मागे असायची. कपडेपट तिच्याकडे होता. सेटच्या पातळ भिंतीमागे, नटांचे कोट हातावर टाकून, ओठांत टाचण्या धरून तिनं सगळे भाग ऐकले होते. तिथं हसायला सक्त मनाई होती. माईक पकडतात. कुठल्याही भागात, कुठल्याही हशात तिचा आवाज नव्हता.

पडद्यावर बस डेपोचं काउंटर आलं आणि हॉलमध्ये सुस्कारा उमटला. मिस्टर टॅटरसॉलची स्वतःची टोपी बसमध्ये राहिली होती, आणि नियमाप्रमाणे ती आता त्यांच्याच मागच्या मांडणीवर, चिठ्ठी लावून, जमा होती. बाहेर धो धो पाऊस. टॅटरसॉल टोपीकडे बघतात. हात पुढे करतात. मागे घेतात. नियम म्हणजे नियम. काउंटरच्या पलीकडून अर्ज केल्याशिवाय वस्तू मिळत नाही. ते इकडेतिकडे बघतात, गळपट्टी नीट करतात आणि पलीकडे जायला काउंटरची फळी उचलायला हात लावतात...

आणि डोरीन हसली.

हात फळीला नुसता लागला होता. अजून काही झालंच नव्हतं. ते भरड, मोकळं, बेशिस्त हसू हॉलच्या छतापर्यंत गेलं आणि हॉल त्याच्यासोबत उसळला. पडद्यावरचा स्टुडिओ, मिस्टर सग्डन, चॅपलच्या बायका, बाहेर गाडीत बसून घोटभर घेऊन आलेले पुरुष, सगळे एकाच क्षणी, विनोदाच्या जरा आधी हसले. तसंच हसायला शिकले होते ते, चाळीस वर्षं. शेवटी दोन उचक्या आल्या. लिंडसेनं डोळे मिटले होते आणि निगेलचा हात धरला होता. निगेलचे खांदे हलत होते.

हशा ओसरला. लोकांनी डोळे पुसले, कुणी केकच्या थाळीकडे हात नेला. प्रसंग संपला होता त्यांच्या दृष्टीनं. पडद्यावर टॅटरसॉल मात्र आता कुठं फळी उचलून पलीकडे आले होते. रिकाम्या काउंटरसमोर रांगेत उभे राहिल्यासारखे उभे राहिले. घंटी वाजवली. वाट पाहिली. पुन्हा वाजवली. वाकून आत डोकावले. कुणी नाही. मग शेजारी जणू आणखी कुणी उभं आहे अशा थाटात, जराशा आदरानं, जराशा तक्रारीनं म्हणाले,

"माणूस चांगला आहे म्हणतात. मला कधी सापडला नाही."

एव्हरिल हसली.

तिला ते आवरलं नाही. हा भाग रेकॉर्ड झाला त्या शुक्रवारीही आवरलं नव्हतं, टाचणी ओठात रुतली होती, रक्त आलं होतं. तेव्हा क्लेम तिच्यापासून दोन हातांवर उभा होता. तिनं त्याच्याकडे बघितलं होतं, आणि तो भिंतीच्या फटीतून तिसऱ्या रांगेकडे बघत होता. आता तोंडात टाचण्या नव्हत्या. पातळ, उंच, तिलाच अनोळखी वाटणारं हसू शांत झालेल्या हॉलमध्ये एकटंच गेलं, आणि सगळी डोकी खिडकीकडे वळली. नवऱ्याला नुकतंच पुरून आलेली बाई, एप्रन बांधून, कपबशांमागे उभी राहून हसत होती. गालांवरून पाणी वाहत होतं तरी हसत होती.

मालिकेची धून सुरू झाली.

"बंद कर ते," विनी म्हणाली. ती कधी दारात येऊन उभी राहिली होती कुणाला कळलं नव्हतं. "निगेल, मागे घे. तो काय म्हणाला ते मी ऐकलंच नाही."

"आत्या, तू शंभरदा बघितलायस."

"बघितलाय. ऐकलेला नाही. मागे घे म्हणते ना."

निगेलनं मागे घेतलं. पुन्हा काउंटर, पुन्हा टोपी, पुन्हा हात फळीला लागला आणि डोरीन हसली, तिच्यामागे स्टुडिओ हसला. हॉल या वेळी हसला नाही. लोक थांबून राहिले. डोरीन त्या जुन्या गर्दीत हसली आणि ओसरली, मग घंटी वाजली, पुन्हा वाजली, आणि टॅटरसॉलनी आपलं वाक्य म्हटलं. हॉलभर ते स्वच्छ ऐकू गेलं. कुणीच हसलं नाही. मिस्टर सग्डन गुडघ्यावरच्या टोपीकडे बघत बसले.

विनीनं काठीच्या मुठीवर दोन्ही हात टेकले. "गाढव," ती म्हणाली, आणि ते ती भावाला म्हणाली हे सगळ्यांना कळलं. मग तिनं निगेलला आपल्याला खुर्चीपर्यंत न्यायला सांगितलं.

दिवे लागल्यावर लोक मोठमोठ्यानं हॅमबद्दल बोलायला लागले. एव्हरिलनं नळ सोडला. खिडकीत लिंडसे येऊन उभी राहिली. तिचा चेहरा रडून सुजला होता आणि त्यामुळे तो लहानपणीसारखा दिसत होता.

"तुला पण वाचून दाखवायचा ना तो?" तिनं विचारलं. "नंतर लिहिलेलं? शेडमध्ये बसून लिहायचा ते?"

"सुरुवातीला. हो."

"आणि तू अशीच हसायचीस? बरोबर त्याच जागी?"

"हो."

"मग?"

एव्हरिलला वाटलं, इथं काहीही सांगता येईल. तोही हसायचा म्हणता येईल. मला म्हणायचा, तूच एक आहेस जिला कळतं. ऐकणारा कुणी उरला नव्हता जो खोटं म्हणेल. आज एवढं आपल्यासाठी ठेवून घेतलं तर कुणाचं काय जाणार होतं? लिंडसेनं तर ते विश्वासानं घरी नेलं असतं.

"मग तो पेन्सिल खाली ठेवायचा," ती म्हणाली. "एकदा मी मुद्दाम आधी हसून पाहिलं. त्याला बरं वाटेल म्हणून. त्यानं माझ्याकडे बघितलं, कागद गोळा केले आणि म्हणाला, नको, एव्हरिल. त्यानंतर नाही वाचलं कधी." तिनं नळ बंद केला. "तो तुझ्या आईची वाट बघत होता, लिंडसे. शेवटपर्यंत. तुला ठाऊक असलेलं बरं."

लिंडसे खिडकीतून नाहीशी झाली, आणि एव्हरिलला वाटलं, गेली. मग मागचं दार वाजलं. लिंडसेनं आत येऊन खुंटीवरचा कोरडा पंचा घेतला, एव्हरिलच्या शेजारी उभी राहिली आणि एकेक कप पुसून उलटा ठेवायला लागली.